मासा, लाकडी, सात इंच

शीर्षकाला ऐंशी अक्षरं मिळतात.
त्यातलं एकही मी "दुर्मिळ"वर घालवत नाही.
दुर्मिळ तर लोक बरणीच्या झाकणालाही म्हणतात.
मी लिहितो: मासा, लाकडी, सात इंच,
बर्फाखालच्या शिकारीचा, मिनेसोटा, हाताने कोरलेला.
शोधणारा नामं शोधतो.
विशेषणं त्याची तो लावतो, पैसे मोजताना.

आयली निस्कालाने बुटांच्या खोक्यातून अकरा आणले.
"उरहोचे," एवढंच म्हणाली, नि कोट न काढता बसली.
उरहो लोखंडाच्या खाणीत होता. जानेवारीत तळ्यावर
बर्फाला चौकोनी भोक पाडून अंधाऱ्या खोपीत बसायचा,
एका हातात दोरी, दोरीला हा मासा,
दुसऱ्या हातात भाला,
खालून खरा कुणी फसून येईल म्हणून.
हे वर्णनात घालायचं नाही.
किंवा घालायचं, पण तळाशी, दोन ओळींत.

आधी भेग.
शेपटीजवळ, केसाएवढी, दीड इंच लांब.
पोटात ओतलेलं शिसं किंचित वर आलेलं.
पर कॉफीच्या डब्याच्या पत्र्याचे,
उलट्या बाजूला अजून लाल अक्षराचा तुकडा.
डावा डोळा टाचणीचा.
उजवा नाही.
त्या "नाही"चा वेगळा फोटो,
उत्तरेच्या खिडकीत, फ्लॅश बंद, शेजारी पट्टी.

झाकली मूठ सव्वा लाखाची, खरंच आहे,
पण या धंद्यात मूठ उघडावी लागते,
घट्ट्यांसकट.
आणि हातच्या काकणाला आरसा लागत नसेलही,
इथे काकण माझ्या हातात
आणि हात दोन हजार मैल लांब.

आयली म्हणाली, लिही ना, घरात कुणी ओढत नाही,
सगळे तसंच लिहितात.
मी खोक्यात नाक घातलं.
पाइपचा तंबाखू, रॉकेल, ओली लोकर.
लिहिलं: वास आहे.
ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
"हो," म्हणाली. "आहे."

तिसऱ्या रात्री एकाचा प्रश्न आला.
नमस्कार नाही, चमत्कार नाही, फक्त:
पोहतो का?

मला काय माहीत. मी मोजतो, पोहत नाही.
सकाळी आयलीकडे गेलो.
तिने सौनातलं जस्ताचं टब भरलं, बाही सारली,
मासा दोरीला बांधून सोडला,
आणि मनगटाला एक बारीक हिसका दिला,
असा, की तिने तो कधीतरी
दुसऱ्याच्या मागे उभं राहून पाठ केला असावा.

मासा बुडाला. थांबला.
मग वळला, डावीकडे,
एक पूर्ण गोल, संथ,
नसलेला डोळा आमच्याकडे करून.
"सगळे डावीकडेच जायचे त्याचे," आयली म्हणाली.
"मी म्हणायचे, एक तरी उजवीकडे वळव.
म्हणायचा, यांना विचार."
पुन्हा हिसका. पुन्हा गोल.
पाणी गार होईपर्यंत आम्ही बाकीचे दहाही पाहिले.

मी उत्तर टाकलं: पोहतो. डावीकडे.
सबंध वर्णनात माझी सगळ्यात चांगली ओळ हीच,
आणि ती माझी नाही.

विचारणाऱ्याने बोली लावलीच नाही.
शेवटच्या अकरा सेकंदांत भलतेच दोघं भांडले
आणि मासा दोनशे बारा डॉलरला ॲरिझोनात गेला.
मी शेपटीला कापूस गुंडाळला,
खोक्यात खोकं, मध्ये चार बोटं जागा,
हलवून ऐकलं. आवाज नाही.

आयलीने रक्कम विचारली नाही.
"तिकडे तळं आहे का?" म्हणाली.
मी पत्ता नकाशावर टाकला.
पिवळं, पिवळं, एक महामार्ग, पुन्हा पिवळं.

पंधरा वर्षं मी भेगा मोजून लिहितो आहे.
"आहे," म्हटलं.
"मोठं?"
"बऱ्यापैकी."